बहाव्याच्या बिया पेरून दोन महिने झाले, एकही उगवली नाही. काय करू?

बी बहुधा मेलेलं नाही. बहाव्याचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही. प्रत्येक बी एका बाजूला पॉलिश पेपरवर घासा, आतला फिका भाग जेमतेम दिसेपर्यंतच. अंकुर असतो ते टोक मात्र सोडा. मग 24 तास साध्या पाण्यात भिजवा. फुगलेल्या लगेच पेरा, न फुगलेल्या पुन्हा घासा. वेळखाऊ आहे, पण उकळत्या पाण्यापेक्षा मला हेच खात्रीचं वाटतं. उकळत्या पाण्यात बी शिजण्याची भीती असते.

जांभळाला मात्र हे करू नका. ते बी वाळलं की मरतं, म्हणून गर धुऊन त्याच आठवड्यात पेरा.