तिसऱ्या दिवसाचे ओठ

"मॅडम, ओठ उतरले. आता दुसऱ्यांदा कधी भरून घेऊ?"

गेल्या तीन-चार वर्षांत हा प्रश्न मी ओठ भरदार दिसावेत म्हणून फिलर, म्हणजे सुईने भरायचा जेलसारखा पदार्थ, घेतलेल्या इतक्या जणींकडून ऐकला आहे, की त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे वाटू लागले. वास्तविक हा त्वचारोगतज्ज्ञांना विचारायचा प्रश्न आहे. परंतु त्यांनी "थांबा" असे सांगितल्यावर ते थांबणे ज्यांना सोसत नाही, त्या माझ्याकडे, समुपदेशकाकडे, येतात. अशाच एका तरुणीचा अनुभव तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडते. तिला आपण शाल्मली म्हणू.

शाल्मली तीस वर्षांची, पुण्यातील एका बँकेत नोकरी करणारी. कोजागरीच्या सुमारास तिने ओठांत एक एमएल फिलर भरून घेतले आणि अकराव्या दिवशी, दिवाळीच्या तोंडावर, ती माझ्यासमोर येऊन बसली. डॉक्टरांनी इतक्या लवकर दुसरे इंजेक्शन देण्यास स्पष्ट नकार दिला होता, भावाचे लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्तावर ठरले होते, आणि "आज या, आजच करून देतो" म्हणणाऱ्या एका पार्लरचा नंबर तिने फोनमध्ये जपून ठेवला होता.

"पैसे पाण्यात गेले," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी किती सुंदर दिसत होते! बघा ना."

तिने फोन पुढे केला. फोटोत वरचा ओठ टरारून फुगला होता आणि डाव्या कोपऱ्याशी सुईचा निळसर डाग होता.

"हा फोटो तुम्ही दिवसातून किती वेळा पाहता?"

"मोजलं नाही. डबा खातानासुद्धा पाहते. रात्री दोनला उठून आरशात पाहते आणि मग हा फोटो."

ओठांसाठी सहसा वापरले जाणारे फिलर हायलुरॉनिक आम्लाचे असते. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो आणि पाणी धरून ठेवणे हा त्याचा गुणच आहे. त्यात सुईच्या इजेची भर पडते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस ओठ सर्वांत जास्त सुजतात. बरीचशी सूज दोन आठवड्यांत ओसरते, आणि खरा आकार बसायला चार आठवडेही लागू शकतात. शाल्मलीला हे सगळे पाठ होते. डॉक्टरांनी सांगितले होते, कागदावर लिहूनही दिले होते. माहितीची उणीव असती तर तिला माझी गरजच पडली नसती.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडले आहे आणि माझा कान आधी माणसाच्या वाक्यातील 'च'कडे, म्हणजे त्यातल्या हट्टाकडे, जातो. "लग्नात माझे ओठ तसेच दिसले पाहिजेत," असे ती पहिल्या भेटीत कितीदा तरी म्हणाली. तसेच म्हणजे कसे, हे मात्र तिने स्वतःला विचारले नव्हते. उपचारापूर्वीचे फोटो दाखवा असे मी म्हटले, तेव्हा ते तिने सगळे पुसून टाकल्याचे समजले.

तिसऱ्या भेटीत ती एक छोटे पाकीट घेऊन आली. सप्टेंबरमध्ये लॉकरच्या अर्जासाठी तिने आठ पासपोर्ट फोटो काढून घेतले होते, त्यांतील दोन पर्सच्या कप्प्यात उरले होते. मी एक फोटो टेबलावर ठेवला आणि शेजारी हातआरसा ठेवला. ती कधी फोटोकडे, कधी आरशाकडे पाहत राहिली. अशा वेळी समुपदेशकाला बोलण्याचा मोह होतो. तो आवरणे मला आता साधले आहे, याचे मला समाधान वाटते.

"हे तर जास्त आहेत," ती हळूच म्हणाली.

"कशापेक्षा?"

"आधीपेक्षा."

"मग कमी कशापेक्षा आहेत?"

तिने फोन उचलला, पण सुरू केला नाही. बराच वेळ तो हातात तसाच धरून ती म्हणाली, "सुजेपेक्षा."

त्या एका शब्दासाठी मी तीन भेटी थांबले होते. मी तो उच्चारला असता तर तो उपदेश झाला असता; तिने उच्चारला म्हणून तो तिचा झाला. तिने मोजपट्टी तिसऱ्या दिवशी लावली होती, आणि जे कधी टिकणारच नव्हते त्याच्या जाण्याचा शोक ती करत होती. हे ध्यानात आल्यापासून मी प्रत्येकीला पहिला प्रश्न हाच विचारते: तुम्ही तुलना कोणत्या दिवसाशी करता आहात?

आता मूळ प्रश्नाकडे येते. पहिले दोन आठवडे ओठांबद्दल कोणताही निर्णय घेऊ नये. लहानसहान गाठी किंवा किंचित उंचसखलपणा या काळात बहुधा आपोआप बसतो. दोन आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवावे, आणि तरीही भर घालायची असेल तर साधारण चार आठवड्यांनंतर, शक्यतो अर्ध्या एमएलच्या आसपास. कार्याच्या आधी किमान महिनाभराचा अवधी हवा. ओठ सतत हलतात, त्यामुळे तेथील फिलर बहुधा सहा ते बारा महिने टिकते. मात्र ते एका दिवसात संपत नाही, काही भाग आत शिल्लक असतो. म्हणून प्रत्येक वेळी नव्याने पूर्ण भरणे चुकीचे ठरते. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हा विचार पुढे ढकलावा. ओठांवर वारंवार बारीक पाणीदार फोड येत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण सुईने ते उसळू शकतात. महाविद्यालयीन मुलींच्या आयांसाठी एक सांगते: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची ओठांच्या फिलरला असलेली मान्यता २२ वर्षे पूर्ण झालेल्यांपुरती आहे.

एका बाबतीत मात्र थांबायचेच नाही. ओठ किंवा भोवतालची त्वचा पांढरी पडली, जाळीसारखी निळसर दिसू लागली किंवा असह्य कळा आल्या, तर रक्तवाहिनीत अडथळा आल्याची शक्यता असते. त्याच क्षणी डॉक्टरांना गाठावे. फिलर विरघळवणारे हायलुरोनिडेज हे औषध त्यांच्याकडे तयार असले पाहिजे. पार्लरविषयीचा माझा विरोध याच कारणासाठी आहे.

आणि दिवसाचा तास-दीड तास आरशापुढे जात असेल, लोकांत जाणे टळू लागले असेल, तर प्रश्न ओठांचा उरत नाही. इटलीतील मानसोपचारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली यांनी या त्रासाचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच केले होते. त्यावर चांगले उपचार आहेत, पण ते सुईने होत नाहीत; तेव्हा मनोविकारतज्ज्ञांकडे जावे.

शाल्मली भावाच्या लग्नात त्याच ओठांनी मिरवली. नंतरच्या चार भेटींत आम्ही ओठांविषयी फारसे बोललो नाही. जूनमध्ये, आठ महिन्यांनी, तिने त्याच डॉक्टरांकडे अर्धा एमएल घेतले. जाताना पर्समधला उरलेला पासपोर्ट फोटो सोबत नेला होता. दोन दिवसांनी तिचा संदेश आला: "मॅडम, आज तिसरा दिवस. सूज भरपूर आहे. फोटो काढलेला नाही."