अमेरिकेतल्या नोआचे गणवेशधारी अधिकारी सैनिक असतात का?

नाही. नोआ, म्हणजे अमेरिकेची समुद्र व हवामान संस्था. तिचे अधिकारी गणवेश घालतात, त्यांना नौदलासारखी पदं असतात, पण ते सशस्त्र दलात मोडत नाहीत. त्यांच्याकडे शस्त्रं नसतात आणि या दलात जवान नाहीत, सगळेच अधिकारी. भरतीसाठी विज्ञान, गणित किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. मग गणवेश कशाला? त्याचं मूळ 1917 मध्ये आहे. नोआ ज्यातून पुढे घडली, त्या तेव्हाच्या किनारा व भूमापन खात्यातले लोक युद्धकाळात सैन्यासाठी मोजणी करत. साध्या कपड्यांत नकाशे काढताना शत्रूच्या हाती लागले तर हेर ठरण्याची भीती होती, म्हणून त्यांना अधिकारीपद दिलं गेलं. माझ्या मते या सेवेची ओळख यातच आहे: गणवेश आला तो मोजणी करणाऱ्याच्या जिवासाठी. आजही चक्रीवादळाच्या डोळ्यात शिरणारं पी-3 विमान सहसा हेच अधिकारी चालवतात, आणि मागे बसलेले नागरी शास्त्रज्ञ पॅराशूट लावलेली नळकांडी खाली सोडून वाऱ्याचा वेग, दाब आणि तापमान टिपतात.

डिसेंबर 2020 च्या कायद्याने या दलाची मंजूर संख्या 500 पर्यंत नेली. तोवर अधिकारी तीनशेच्या आसपासच होते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. राष्ट्रीय आणीबाणीत राष्ट्राध्यक्ष या अधिकाऱ्यांना सैन्यदलांकडे वर्ग करू शकतात, आणि मग त्यांना लष्करी कायदा लागू होतो.