वाचकांचे प्रश्न : ग्रुपवरचे वाळीत टाकणे

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एका नटाच्या उच्चारांची टिंगल केली. स्क्रीनशॉट गावभर फिरला, मला ग्रुपमधून काढले, जत्रेच्या नाटकाच्या तालमीलाही बोलावत नाहीत. ‘कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व’ असे फेसबुकवर लिहिले, तर प्रकरण जास्तच चिघळले. काय करू? (डिचोली)

उत्तर : घोळ ‘असल्यास’ने केला आहे. मन दुखावले हे सगळ्या गावाला ठाऊक असताना तुम्ही ते जर-तरवर ठेवले, आणि ज्याचे दुखावले त्याचे नावही घेतले नाही. शिवाय टिंगल ग्रुपवर आणि माफी फेसबुकवर, म्हणजे ज्यांना काही माहीत नव्हते त्यांनाही कळले.

आधी त्या नटाच्या घरी एकटेच जा. पाच मिनिटे पुरेत : काय लिहिले, त्याने त्यांना चारचौघांत कसा कमीपणा आला, एवढेच बोला. ‘मी गमतीने म्हटले’ हे तोंडातून निघू देऊ नका. त्यातून समोरचाच उगाच मनाला लावून घेणारा ठरतो. लगेच माफ करा असा आग्रहही धरू नका. त्यांची हरकत नसेल तरच ॲडमिनमार्फत त्याच ग्रुपवर लिहा : ‘रविवारी रात्री मी अमुक यांच्या उच्चारांची टिंगल केली. ते चुकले. त्यांना भेटून मी माफी मागितली आहे.’ यात एकही ‘पण’ नको. त्यानंतर गप्प राहा, मित्रांनाही तुमची बाजू घेऊन भांडू देऊ नका. प्रत्येक उत्तरासरशी तो विषय पुन्हा वर येतो.

आणखी एक गोष्ट मंडळाकडे मागा : मुदत. प्राचीन अथेन्समध्ये खापरीवर नाव कोरून माणसाला हद्दपार करत. त्यासाठी किमान ६००० खापऱ्या लागत, पण हद्दपारी १० वर्षांचीच असे आणि मालमत्ता शाबूत राही. ग्रुपवर वाळीत टाकलेल्याला परतीची तारीखच कोणी सांगत नाही, आणि माणसे कायमची तुटतात ती तिथेच. ‘यंदा नको, पुढच्या तालमीपासून येऊ का?’ असे स्पष्ट विचारा. नाटकात काम नसले तरी पडदे बांधायला माणूस लागतोच.

प्रश्न : मी वाड्याच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. असा स्क्रीनशॉट पडला तर काय करावे? माझ्यावर केस होईल का? (फोंडा)

उत्तर : सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे सकाळपर्यंत चालू करा. रात्रीचा राग बहुधा झोपेत निवळतो. मग टाकणाऱ्याला खाजगीत विचारा : याच्या आधीचा आणि नंतरचा मेसेज कुठे आहे? स्क्रीनशॉटमध्ये नेमके तेच कापलेले असते. मिळाले नाही तर ॲडमिन म्हणून तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा. दुहेरी बाणाची खूण दिसली, तर तो किमान पाच हातांतून आलेला आहे असे समजा. कोणाला काढायचेच असेल, तर आधी फोन करून कारण सांगा.

केसबद्दल : सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, समान हेतू नसल्यास, निव्वळ ॲडमिन असल्यामुळे कोणी दोषी ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

प्रश्न : गोव्यात बहिष्काराविरुद्ध कायदा आहे का? (पेडणे)

उत्तर : सामाजिक बहिष्कारविरोधी २०१६ चा कायदा महाराष्ट्राचा आहे, तो इथे लागू नाही. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आणि धमकीसाठी कलम ३५१ आहे. पण कोणा बाईने आपला झालेला छळ ऑनलाइन सांगितला आणि लोक त्या माणसाशी बोलेनासे झाले, तर त्याला आम्ही ‘कॅन्सल’ (ऑनलाइन वाळीत टाकणे) म्हणणार नाही. तिचे आधी ऐकून घ्यायला हवे. तक्रार करायची असेल तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, आणि मूळ मेसेज असलेला फोन विकू किंवा रीसेट करू नका.