याचिका संघटनेच्या नावावर का?

प्रश्न : महिला वकिलांच्या संघटना परिसंवाद घेतात, निवेदने देतात, पण जिला खरोखर कोर्टाची पायरी चढावी लागते, त्या बाईला त्यांचा काय उपयोग? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. तिचे उत्तर मला युगांडातील एका खटल्यात सापडते. तेथील महिला वकिलांच्या संघटनेने २००३ मध्ये घटस्फोटाच्या कायद्याला घटना न्यायालयात आव्हान दिले. त्या कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा किमान दोन वर्षांचा परित्यागही सिद्ध करावा लागे. नवऱ्याने बाहेरचे संबंध कबूल केले, तरी छळाचा पुरावा नसेल आणि तो रोज रात्री घरी जेवायला येत असेल, तर तिचा अर्ज टिकणे कठीण. २००४ मध्ये न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला.

ही तरतूद आपल्यालाही परकी नाही. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यातील हाच भेद भारतातील ख्रिस्ती विवाहांसाठीच्या १८६९ च्या कायद्यात उतरला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो १९९७ मध्ये मोडीत काढला. मात्र येथे पत्नीला स्वतःच्या संसाराची कहाणी घेऊन उभे राहावे लागले. युगांडाच्या १९९५ च्या राज्यघटनेत कोणत्याही व्यक्तीला कायद्याच्या वैधतेविरुद्ध दाद मागता येते, म्हणून तेथे संघटनाच याचिकाकर्ती झाली; एका बाईची उलटतपासणी नाही, माघार घे म्हणून नातेवाइकांचा तगादा नाही, फीचा बोजाही नाही. संघटनेचा खरा उपयोग मला येथे दिसतो.

निकालाने काम संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. महिला वकिलांच्याच दुसऱ्या एका संस्थेच्या याचिकेवर २००७ मध्ये तेथील वारसा कायद्यातील भेदभावाची कलमे रद्द झाली. मृत्युपत्र न करता पती गेला, तर विधवेला मालमत्तेचे १५ टक्के मिळत आणि पुनर्विवाह केल्यास राहत्या घरावरचा हक्क जाई. विधुराला असे बंधन नव्हते. कलमे रद्द झाली, पण त्यांच्या जागी नवी तरतूद करायला संसदेने २०२२ साल उजाडू दिले. या मधल्या १५ वर्षांत मसुदे, पाठपुरावा, समित्यांपुढे साक्षी हेच काम असते, आणि आपण उल्लेखिलेली निवेदने व परिसंवाद त्याचाच भाग आहेत. नव्या कायद्यात जोडीदाराचा वाटा २० टक्के झाला, मग तो पती असो वा पत्नी.