टाकी 'भरली' हे ओळखायचं कसं?

प्रश्न : संडासची टाकी सासऱ्यांनी बांधून घेतली त्याला १४ वर्षं झाली, पण ती एकदाही उपसलेली नाही. घरात आम्ही पाच माणसं. श्रावणात झाकण काढून पाहिलं, तर पाणी बाहेरच्या पाइपाच्या तोंडाशी आलेलं. शेजारी म्हणतात, टाकी भरली, लगेच गाडी बोलवा. सासरे म्हणतात, चांगली टाकी भरतच नाही. खरं कुणाचं?
— एक वाचिका, चिपळूण तालुका

उत्तर : ताई, दोघांचंही नाही. सेप्टिक टाकी वापरात आली की थोड्याच दिवसांत पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत चढतं आणि कायम तिथंच राहतं. जेवढं आत येतं, तेवढं शोषखड्ड्यात जातं. पातळी पाइपाच्या वर गेली, तर पाइप तुंबलाय किंवा शोषखड्डा पाणी घेत नाही. पाहायचा असतो तो गाळ.

लांब बांबूला खालून तीनेक फूट जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळा. पहिल्या कप्प्यात, पुढच्या कप्प्याकडच्या बाजूला तो तळापर्यंत हळू सोडा, क्षणभर थांबा, वर काढा. काळा डाग जिथवर चढला तेवढा गाळ. त्यात वर तरंगणारा तेलकट थर मिळवा. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीचा तिसरा हिस्सा झाला, म्हणजे साडेचार फुटांत दीड फूट, की गाडी बोलवायची. झाकण काढून थोडा वेळ लांब उभे राहा, वाकून डोकावू नका आणि आसपास कुणाला बिडी ओढू देऊ नका. आत मिथेन असतो, विषारी वायूही असतो.

साधारणपणे दर २-३ वर्षांनी उपसा हवा. वाई नगरपालिकेने तर तक्रारीची वाट न पाहता पाळीपाळीने घरोघरच्या टाक्या उपसायला सुरुवात केली. तुमच्याकडे १४ वर्षांनंतरही गाळ वीतभरच निघाला, तर मात्र मला काळजी वाटेल.

कारण 'कधीच न भरणाऱ्या' टाक्या मी कोकणात पुष्कळ पाहिल्या. चारी बाजूंनी चिरे, आणि तळ कच्चा! मैलापाणी जांभ्यातून सरळ खाली. ती टाकी नव्हे, नुसता खड्डा. पावसाळ्यात भूजल वर आलं की तोही काठोकाठ दिसतो, म्हणून तुमच्या श्रावणातल्या पाहणीवर मी विसंबणार नाही. वैशाखात पुन्हा पाहा. पातळी पाइपाच्या बरीच खाली उतरली असेल, तर टाकी गळतेय.

पावसाळ्यात भूजल वर असतं, म्हणून गाडी दिवाळीनंतरच बोलवा, फक्त मोऱ्या तुंबून मैला उलटा येत असेल तर थांबू नका. एकच मोरी तुंबत असेल तर दोष तिच्या पाइपात. गाडीचे पैसे फुकट जातील. गूळ, यीस्ट, बाजारातल्या पावडरी यांनी साचलेला गाळ नाहीसा होत नाही.

उपसा पाइप लावूनच करायचा. 'माणूस उतरवून साफ करतो' म्हणणाऱ्याला परत पाठवा. २०१३च्या कायद्याने ते बंद आहे, आणि त्या वायूने माणसं खरोखर मरतात. टाकी रिकामी झाली की वरूनच टॉर्च मारून तळाला कोबा आहे का बघून घ्या. तळ घासून धुवायची गरज नाही.

कोबा नसला, तर आधी विहिरीचं पाणी तपासायला द्या. शोषखड्डासुद्धा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा. सासऱ्यांना हे उपसा झाल्यावर सांगा, आधी नको.