सर्व्हे मीटर स्वतःची तपासणी कशी करतं? ‘टेस्ट ओके’ आलं म्हणजे निर्धास्त व्हायचं का?

तुमचा भाचा वेल्डिंगच्या जोडांची रेडिओग्राफी (गॅमा किरणांनी आतले दोष दाखवणारा फोटो) करणाऱ्या टोळीत नुकताच लागलाय. त्याचं सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं हातातलं यंत्र, चालू केलं की काही सेकंदांत ‘टेस्ट ओके’ दाखवतं. जवळ किरणोत्सारी काहीच नसताना मीटरला हे कळतं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी भुसावळला उपकरणांच्या दुरुस्तीचं काम करतो, अशी मीटरंही हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खरं उत्तर असं की बऱ्याच मीटरना ते पुरतं कळत नाही. आतल्या काही भागांपुरतंच कळतं. त्यामुळे किरण पकडण्यापासून आकडा दाखवण्यापर्यंतच्या साखळीत कोणती तपासणी कुठून शिरते, हे माहीत असायला हवं.

अशा मीटरमध्ये बहुधा गायगर-म्युलर ट्यूब असते, तिला आम्ही जीएम म्हणतो. बंद नळीत कमी दाबाचा वायू, मधून एक तार, आणि त्या तारेवर साधारण ४०० ते ९०० व्होल्ट. गॅमा किरणाने आत एखादा इलेक्ट्रॉन सुटा केला की आयनांचा लोंढा उठतो आणि एक पल्स मिळतो. पुढे अँप्लिफायर, काउंटर, मायक्रोकंट्रोलर, डिस्प्ले.

बॅटरी लोड देऊन तपासतात, कारण नुसतं व्होल्टेज मोजलं तर उतरलेला सेलही भरलेला वाटतो. हाय व्होल्टेज मोजणं मात्र नाजूक काम आहे. तो पुरवठा जेमतेम मायक्रोअँपियरमध्ये करंट देऊ शकतो. साधा मल्टीमीटर लावला तर व्होल्टेजच खाली बसतं. म्हणून गिगाओहमच्या घरातला रेझिस्टर लावून व्होल्टेजचा छोटासा हिस्सा कंपॅरेटरला (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या सर्किटला) दाखवतात. पावसाळ्यात, दमट हवेत, धूळ बसलेल्या बोर्डावरून करंट झिरपतो आणि ही मोजणी चुकू लागते. मे महिन्यातल्या आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हापेक्षा मला या झिरपण्याची जास्त धास्ती वाटते.

मग येतो पल्सर. क्वार्ट्झ स्फटिकाचे सेकंदाला ३२,७६८ ठोके १०२४ ने भागले की नेमके ३२ पल्स मिळतात. असे ठरलेले पल्स अँप्लिफायरच्या तोंडाशी सोडायचे आणि पडद्यावर अपेक्षित आकडा येतो का ते बघायचं. तपासणी चोख आहे, पण हे पल्स ट्यूबच्या पुढच्या टप्प्यावर सोडलेले असतात. ट्यूब फुटलेली असो की तिची वायर सुटलेली असो, आकडा बरोबरच येणार. शेतातल्या स्टार्टरचा हिरवा दिवा लागला म्हणजे लाइट आली एवढंच. बोअरला पाणी आहे का हे त्या दिव्याला ठाऊक नसतं.

दुसऱ्या जातीच्या, आयन चेंबरवाल्या मीटरमध्ये पल्स मोजत नाहीत, किरणांमुळे चेंबरमधल्या वायूत वाहणारा बारीक करंट मोजतात; त्यात एक सुंदर युक्ती असते. तिथे करंट पिकोअँपियर किंवा त्याहूनही कमी. १ पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर व्होल्टेज सेकंदाला १ व्होल्ट या चढाने वाढवलं की बरोबर १ पिकोअँपियर वाहतो. हा झाला चाचणीचा करंट. काही ठिकाणी त्याऐवजी चेंबरचं हाय व्होल्टेजच किंचित हलवतात. चेंबर स्वतःच एक कपॅसिटर असल्याने उलट्या बाजूला झटका जाणवतो, आणि केबल चेंबरपर्यंत शाबूत आहे हेही कळतं.

जीएममध्ये सोर्सशिवाय (किरणोत्सारी पदार्थाशिवाय) पूर्ण साखळी तपासण्याचा एकच मार्ग उरतो: बॅकग्राउंड. जमिनीतून आणि आकाशातून थोडे किरण सतत येतच असतात. ठरावीक वेळात एकही पल्स आला नाही तर मीटर ‘डिटेक्टर फेल’ म्हणतं. पण वाट किती वेळ पाहायची? समजा मिनिटाला सरासरी १० पल्स येतात. पल्स नियमित अंतराने येत नाहीत, त्यामुळे एखादं मिनिट निव्वळ योगायोगाने कोरं जाण्याची शक्यता साधारण २२ हजारांत एक. मीटर अखंड चालू असेल तर दर १५ दिवसांनी एक खोटा अलार्म! वाट दोन मिनिटांची केली की हीच शक्यता सुमारे ४८ कोटींत एक होते.

खोट्या अलार्मची एवढी काळजी का, याचं उदाहरण फार वाईट आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात इंडियाना नावाच्या गावी कर्करोगाच्या उपचारादरम्यान इरिडियम-१९२ चा सोर्स तारेवरून तुटून रुग्ण महिलेच्या शरीरात राहिला. भिंतीवरचा मॉनिटर धोका दाखवत होता. पण तो आधीही बिघडलेला असल्याने कर्मचाऱ्यांनी ‘सोर्स परत आला’ म्हणणाऱ्या कन्सोलवर विश्वास ठेवला. कन्सोलला कळत होती फक्त तारेची हालचाल, किरण नव्हेत. हातातलं मीटर उपलब्ध होतं, ते वापरलं नाही. ती बाई काही दिवसांत गेली. हे वाचून मला आजही राग येतो.

भाच्याच्या कामात, म्हणजे बॉयलरच्या नळ्यांचे जोड वगैरे, सोर्स बहुधा हाच इरिडियम-१९२ असतो. २० क्युरीचा (क्युरी हे किरणोत्साराचं माप) सोर्स उघडा असेल तर १ मीटरवर तासाला सुमारे १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे शरीराला बसणाऱ्या किरणांच्या डोसचं माप. इथे जीएमची दुसरी खोड आडवी येते. प्रत्येक पल्सनंतर ट्यूब साधारण १०० मायक्रोसेकंद आंधळी असते. किरण फारच दाट झाले की पल्स एकमेकांत मिसळून बारीक होतात आणि काउंटरला दिसेनासे होतात. जुनं किंवा साधं मीटर अशा वेळी थेट शून्यावर येऊ शकतं. चांगल्या मीटरमध्ये यासाठी ट्यूबच्या सरासरी करंटवर वेगळी नजर असते. पल्स हरवले तरी करंट वाढलेला असतो, आणि पडद्यावर ‘ओव्हरलोड’ टिकून राहतं. हा सर्किट चालतो का, हे पल्सरने कळत नाही आणि छोट्या चेक सोर्सनेही (तपासणीसाठी ठेवलेल्या सौम्य किरणोत्सारी तुकड्यानेही) नाही. त्यासाठी कॅलिब्रेशनला पाठवून तीव्र किरणांत धरावं लागतं.

तेव्हा भाच्याला सांगा: ‘टेस्ट ओके’ आल्यावर रोज मीटर चेक सोर्सला किंवा बंद कॅमेऱ्याच्या (सोर्स ठेवायच्या जड पेटीच्या) अंगाला त्याच जागी, त्याच बाजूने लावून बघायचं. कॅमेऱ्याजवळचा आकडा हळूहळू उतरेलच, कारण इरिडियम ७४ दिवसांत निम्मा होतो. तो हिशेब धरून वहीत लिहायचं. आकडा जुळला नाही तर मीटर बाजूला ठेवून आरएसओला (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला) सांगायचं. आणि सोर्सकडे जाताना आकडा चढून अचानक पडला, तर तिथूनच मागे फिरायचं.

केळीवाल्यांच्या गोदामातल्या पोटॅशच्या पोत्याने मीटर तपासता येईल का, असंही कुणीतरी विचारतंच. पोटॅशमध्ये नैसर्गिक पोटॅशियम-४० असतं, किलोमागे सेकंदाला साधारण १५ हजार अणू फुटतात, त्यामुळे पातळ खिडकीच्या ट्यूबवर वाढ दिसते. जाड धातूच्या ट्यूबवर ती बॅकग्राउंडच्या चढउतारात हरवू शकते. रोजच्या तपासणीला पोतं चालणार नाही, चेक सोर्सच हवा.