बस्तान बसेपर्यंत थांबू नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. डिप्लोमा झाला, शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर, हात बसला आणि आता कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाळा भाड्याने घेऊन स्वतःचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांना भाग बनवून द्यायचं काम, सुरू करायचं म्हणतेस, हे वाचून फार आनंद झाला. पण शेवटी लिहिलंयस, "काका, आधी दहा वर्षं नुसता धंदा करते. बस्तान बसलं की तुमच्यासारखं समाजासाठी काहीतरी करीन." त्या वाक्यापाशी मी अडलो. मशिनचं कर्ज, गाळ्याचं डिपॉझिट हे समक्ष बोलू. आज एवढ्या एकाच गोष्टीवर लिहितो.

मी हेल्पर म्हणून लेथवर उभा राहिलो तेव्हापासून बघतोय, बस्तान बसायची वाट बघणाऱ्याचं बस्तान काही बसत नाही. एका लेथचे दोन होतात, मग व्हीएमसीसारखं मोठं मशिन येतं, मग शेड, मग शेडचे हप्ते. पैसा कायम कमीच पडतो. समाजाचं काम पैसे उरल्यावर करायचं ठरवलंस तर ते राहूनच जाईल. ते पहिल्या महिन्यापासून धंद्यातच मिसळलेलं असू दे.

सुरुवात पगारापासून कर. कायद्याने आपल्यासारख्या छोट्या कारखान्यात सात तारखेच्या आत पगार व्हायला हवा. तो पंधरा तारखेला झाला, की तुझ्या ऑपरेटरच्या बायकोला किराणा दुकानात मान खाली घालावी लागते. ते तुला दिसत नाही, पण ते तुझ्यामुळे झालेलं असतं. तीच गोष्ट टेम्पोवाल्याची, हीट ट्रीटमेंटवाल्याची, टूल घासून देणाऱ्याची. त्यांचे पैसे थकवून गणपतीला मोठी वर्गणी देणारे मी पुष्कळ पाहिले. अशा पावतीला माझ्या लेखी किंमत नाही.

तू म्हणशील, वरून पैसे आले तर खाली देणार ना? खरं आहे. माझीही बिलं मोठ्या कारखान्यांनी सहा-सहा महिने अडवली आहेत. म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्या दिवशीच कर. ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसला तर १५ दिवसांत चुकतं व्हायला पाहिजे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या खर्चाची वजावट कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की आता अकाउंट्सवाले आपणहून फोन करतात. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापून घे. आणि हाच कायदा तुझ्याकडून घेणं असलेल्या छोट्या कारखानदारालाही लागू आहे, हे ध्यानात ठेव.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. गंगाराम कांबळ्यांची गोष्ट तू कोल्हापूरची असल्यामुळे ऐकली असशील, पण धंदेवाल्याच्या नजरेने पुन्हा ऐक. ते शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा करायला सांगितलं आणि गंगारामांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं. आता त्या काळात दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? भांडवल मिळालं, जागा मिळाली, पण गिऱ्हाईक नसेल तर भट्टी विझायला कितीसा वेळ लागतो! महाराज स्वतः गाडी हॉटेलासमोर थांबवत, गंगारामांकडून चहा मागवून घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राजा गिऱ्हाईक झाला. पुढे याच गंगारामांनी पुढाकार घेऊन महाराजांचं स्मारक उभारलं.

या गोष्टीवरून मी एक ठरवून टाकलं. माझ्याकडे शिकलेला पोरगा स्वतःचा लेथ टाकतो म्हणाला, की त्याला पहिली ऑर्डर मी द्यायची. लोक म्हणायचे, आपलाच माणूस आपल्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून का उभा करतोस? पण उद्यमनगर असंच वाढलंय. गुऱ्हाळाची आणि शेतीपंपांची इंजिनं दुरुस्त करता करता इथली माणसं इंजिनं बनवायला शिकली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी धंदा उभा केला आणि पुढच्या पिढ्या अशाच एकाच्या हाताखालून निघून दुसरीकडे उभ्या राहिल्या. नव्या माणसाला देणगी देऊ नकोस. बुशचे शंभर नग दे, ड्रॉइंग दे, माप चुकलं तर परत पाठव आणि बरोबर आलं तर वेळेत पैसे दे. त्याने तो उभा राहतो आणि त्याचा मानही राहतो.

पुराचं विचारलं होतंस. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, म्हणजे काय झालं असेल बघ. महामार्ग बंद, गावंच्या गावं पाण्यात. जेवणाची पाकिटं, चादरी, बिस्किटं खूप आली, सगळ्या महाराष्ट्रातून आली, आणि त्याबद्दल मी कायम ऋणी आहे. पण पाणी उतरल्यावर शेतकऱ्यापुढे जो प्रश्न होता तो बिस्किटाने सुटणारा नव्हता. नदीकाठचे मोटारपंप गाळाने भरले होते. माणूस घाईने बटण दाबतो आणि ओलं वाइंडिंग, म्हणजे मोटारीतलं तारेचं वेटोळं, जळून जातं. तेव्हा आम्ही काही वर्कशॉपवाल्यांनी आणि रिवाइंडिंगवाल्यांनी मिळून तेच काम उचललं. मोटार उघडायची, स्वच्छ पाण्याने गाळ धुवायचा, वाइंडिंग नीट वाळवायचं, मेगर नावाचं मीटर लावून इन्सुलेशन तपासायचं, बेअरिंग बदलायचं आणि मगच लाईन द्यायची. मजुरी घ्यायची नाही, सामानाचे पैसे ज्याला जमतील त्याने द्यायचे. माझी पोरं काळ्या चिखलाने माखली होती, पण त्यांचे चेहरे मी तसे उजळलेले क्वचितच बघितलेत. आपल्याला जे येतं, त्याची गरज पडली होती ना!

तुला काय येतं याचा तू विचार कर. ड्रॉइंग वाचता येतं? मग आयटीआयच्या दोन पोरींना रविवारी शिकव. व्हर्नियर कसा धरायचा, मायक्रोमीटरचा शून्य कसा तपासायचा, हे मशिनशेजारी उभं करून दाखव. त्याला पैसे लागत नाहीत, दहा वर्षं थांबावंही लागत नाही. आणि अगदीच काही सुचलं नाही, तर पंचगंगा स्मशानभूमीत शेणी, म्हणजे गोवऱ्या, देऊन ये. या शहरात अंत्यसंस्काराला पैसे पडत नाहीत, ते अशाच लोकांनी आणून दिलेल्या शेणींचाही आधार आहे म्हणून. तिथे देणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही, हे मला फार आवडतं.

खंडेनवमीला मशिन पुजायचं ठरवलंयस, छान. त्याआधी एकदा वर्कशॉपवर ये. येताना आधार, पॅन आणि गाळ्याचा भाडेकरार आण, नोंदणी इथेच बसून करून टाकू. माझ्याकडे फ्लँजचं एक छोटं काम आहे, त्याचं ड्रॉइंग काढून ठेवतो. दर तू काढ. माझ्याकडे बघून कमी लावू नकोस.

तुझा,
काका